गाऊन राहिली

"फाल्गुन उलटल्यावर वऱ्हाडात जायचं नसतं," असं पुण्यात जो भेटेल तो मला सांगत होता, आणि मला कुणी 'जायचं नसतं' म्हटलं की मी ट्रंक भरायला घेते. शिवाय काम माझ्याच गळ्यात पडलं होतं. आमच्या संगीत मंडळाकडे युरोपातले चार तंतुवादक पाहुणे येणार होते. त्यांच्या गावी दर उन्हाळ्यात संगीताचा मोठा उत्सव भरतो. यंदा हिंदुस्थानातल्या एका नव्या रचनाकाराची चीज त्यांना तिथे वाजवायची होती, आणि त्या रचनाकारालाही बरोबर न्यायचं होतं. अटी दोनच. रचना स्वतःची हवी आणि रचनाकार हयात हवा. मेलेल्या माणसांचं संगीत आमच्याकडे भरपूर आहे, असं त्यांनी कळवलं होतं.

मंडळातल्या एका गृहस्थांनी अकोल्याच्या एका लग्नात बँडमधल्या क्लॅरोनेटवर एक चाल ऐकली होती आणि ती काही केल्या त्यांच्या डोक्यातून जात नव्हती. वाजवणाऱ्या तरुणाचं नाव नामदेव. चाल खरोखर त्याचीच आहे का, याची शहानिशा करायला मला धाडलं. मी मुलींना व्हायोलिन शिकवते आणि मंडळात चोरलेल्या चाली ओळखण्यात माझा हात कुणी धरत नाही.

अकोल्याला उतरले तेव्हा सकाळ होती आणि तरीही प्लॅटफॉर्म तापलेला होता. बँडवाल्यांचं घर शोधायला वेळ लागला नाही, कारण दारात लाल कोट वाळत घातले होते. बँडमास्तर पानाला चुना लावत बसले होते. नामदेव गावी गेलाय, वरूडकडे, असं त्यांनी सांगितलं.

"ती चाल त्याची स्वतःची का हो?" मी विचारलं.

"त्याची कायची, बाई? त्याची आत्या गाऊन राहिली, अन् हा वाजवून राहिला."

मी कपाळाला हात लावला. म्हणजे चाल आत्याबाईंची. एवढा प्रवास पाण्यात. तरी मी विचारलं, तुम्ही वाजवून दाखवाल का?

मास्तरांनी पान खाली ठेवलं. "अर्धी वाजवतो. पुढची त्याच्याबिगर वाजत नाही. ढोलवाल्याचा हातच थांबते."

त्यांनी वाजवली ती चाल चढत चढत गेली आणि एका सुरावर अडली. "का पण?"

"काहून थांबते, ते त्या हातालेच पुसा," मास्तर म्हणाले आणि त्यांनी पान तोंडात टाकलं.

बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीला पोचेपर्यंत माझा राग निवळला होता. आत्याबाई तर आत्याबाई. नऊवारीतली खेड्यातली बाई आगबोटीवरून युरोपात निघालीय, हे चित्र मला फारच आवडलं. अंबादेवीचं दर्शन घेतलं, खानावळीत गोळाभात (भातात शिजवलेले डाळीचे गोळे, वरून फोडणीचं तेल) पोटभर खाल्ला आणि वरूडच्या सर्व्हिस मोटारीत बसले. रिद्धपूरच्या फाट्याच्या पुढे चाक फुटलं. ड्रायव्हर जॅक लावत होता आणि आम्ही सगळे एका बाभळीच्या सावलीत कोंबल्यासारखे बसलो होतो. माझ्या शेजारी संत्र्यांचं टोपलं घेतलेली एक बाई होती. ती काहीतरी गुणगुणायला लागली आणि माझे कान टवकारले. मास्तरांनी वाजवली तीच चाल. चढत चढत गेली आणि त्याच सुरावर थांबली.

"पुढचं म्हणा ना," मी म्हणाले.

"पुढचं नाही वं बाई. इतकंच हाये."

"कुठे शिकलात?"

ती विचारात पडली. "शिकली तर कोठीच नाई," ती म्हणाली आणि टोपलं मांडीवर ओढून घेऊन माझ्याकडे पाठ फिरवून बसली. मला उन्हात शहारा आला. उगाच खोटं कशाला सांगू?

नामदेवचं घर वरूडच्या अलीकडच्या एका खेड्यात, मळ्यातच आहे. एका अंगाला मोगरा, दुसऱ्या अंगाला वांगी, आणि मागे संत्र्याची कोवळी झाडं. त्याच्या आईने, म्हणजे सगळे म्हणतात तसं मायने, मला गुळाचं पाणी दिलं. नामदेव किडकिडीत, लाजरा, बोटं मात्र लांबसडक. मी युरोपचं आमंत्रण सांगितलं आणि पुणेकरणीच्या खाक्याने थेट विषयाला हात घातला.

"मला आत्याबाईंना भेटायचंय."

नामदेवने मायकडे पाहिलं. मायने भाकरी उलटली. "भेटा ना," ती म्हणाली. "दुपार होऊ द्या."

भर दुपारी विहिरीपाशी जाऊ नये, असं आपल्याकडे लहानपणी सांगतात. मी शाळेत मुलींना शिकवते की हा निव्वळ भ्रम आहे. त्या टळटळीत दुपारी मी विहिरीच्या काठी उभी राहिले तेव्हा पाखरूदेखील हलत नव्हतं. नामदेवचे वडील मोटेवर होते. बैल धावेवरून (विहिरीपासून खाली जाणाऱ्या उतारावरून) चालले की चामड्याची मोट वर येते आणि चाक करकरतं. त्या करकरीत मला सूर ऐकू आला. व्हायोलिनवाल्यांच्या कानाला कशातही सूर सापडतो, असं मी स्वतःला दटावलं. मग तो सूर बाईचा झाला. जाडसर, मायाळू, रापलेला गळा. शब्द कळत नव्हते. चाल तीच.

नेहमीच्या जागी ती थांबली. बैलही थांबले. भरलेली मोट तशीच टांगलेली, तिच्यातून पाणी परत विहिरीत टपटपत होतं. वडिलांनी चाबूक उगारला नाही. ते नुसते घराकडे बघत उभे राहिले.

"माझी ननंद," माय हळूच म्हणाली. "रंडकी होऊन माहेरी आली अन् मोट हाकू लागली. गाऊनच हाके. एक दिवस मोटेचा नाडा तुटला, ते तोल जाऊन आत गेली. गाणं मधातच राहिलं."

"पण बैल..."

"ही जोडी तिच्या मागं घेतली, बाई. यायनं तिले पायलं बी नाई."

नामदेवने क्लॅरोनेट ओठांना लावलं आणि पुढचा भाग वाजवला. मी आयुष्यात पुष्कळ अंतरे ऐकलेत. हा ऐकताना वाटलं की अंधारात चाचपडणाऱ्या माणसाच्या हातात कुणी हात दिला. बैल चालू लागले. पाटात पाणी आलं. तेव्हा कुठे मला वऱ्हाडी व्याकरण कळलं. 'गाऊन राहिली' म्हणजे गाते आहे, आत्ता, या क्षणी. बँडमास्तर चुकले नव्हते.

"सुरुवात तिची," नामदेव म्हणाला. "पुढची वाट मले दिसली, म्हून बांधली. लग्नाले गेलो तरी दुसऱ्या दुपारपर्यंत मी वापस येतो. पण तिकडं गेलो तर पाणी कोण देईन? दोन दिवसांत मोगरा जाते."

"तू जा," माय म्हणाली, पण तिची नजर मोगऱ्याच्या वाफ्यांवर होती. वडील बैल सोडायला गेले.

पोराची संधी हातची जाते आहे, हे मला सहन होईना. दुसऱ्या दुपारी मी माझं व्हायोलिन काढलं. अंतरा मी रात्रीच लिहून घेतला होता. बैल थांबले, मी वाजवला, अगदी स्वच्छ वाजवला. बैलांनी कान हलवले, बस. पुण्यात मी वाजवलं की मुलींच्या आया डोळे पुसतात. इथे दोन बैल ढिम्म.

"तुमी चांगलं वाजवता," नामदेव माझी समजूत घालत म्हणाला. "पण आत्या मले नाई तर कोणाले वयखते?" (वयखते म्हणजे ओळखते.)

ते वाक्य बोलता बोलताच तो उठला. मग क्लॅरोनेट घेऊन थेट विहिरीच्या तोंडाशी जाऊन बसला. "आत्या," तो म्हणाला, "आयक." त्याने अंतरा तुकड्यातुकड्याने वाजवायला सुरुवात केली. एक ओळ, थांबायचं. तीच ओळ, परत थांबायचं. मी शाळेत रोज हेच करते. तो शिकवत होता.

शेवटी त्याने क्लॅरोनेट पेटीत ठेवलं, पेटी माझ्या मांडीवर दिली आणि वडिलांना खूण केली. बैल निघाले, चाक करकरलं, चाल चढली आणि थांबली. बैल थांबले. पेटी मी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. आणि खालून, पाण्यावरून, अंतरा आला. अडखळत. दुसऱ्या ओळीत गंधार चुकला, नव्या शिष्यिणीचा चुकतो तसा.

"आत्या, तिथं कोमल घे," नामदेव म्हणाला.

पुन्हा आला. कोमल. बैलांनी मान खाली घातली आणि धाव उतरून गेले. मोट भळभळ रिकामी झाली. मला रडू कोसळलं. भीती वाटत होती का? वाटत होतीच. पण रडू भीतीचं नव्हतं.

मायने पदराने त्याचं तोंड पुसलं. "जा आता," ती म्हणाली. "तिले येते."

परतताना नामदेव माझ्याबरोबर होता. अकोल्याला बँडमास्तरांचा निरोप घ्यायला उतरलो, तर आतून लाल कोटवाले पूर्ण चाल वाजवत होते, अंतऱ्यासकट. ढोलवाल्याचा हात मजेत चालला होता. "परवा दुपारपासून येऊन राहिलं," मास्तर म्हणाले. "कोणी शिकवलं, काय माहीत." आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

पुण्यात मंडळाच्या सभेत मी रचनाकारांची नावं दोन सांगितली. खोटं बोलून नामदेवला धाडणं सोपं होतं, पण ते त्यालाही नको होतं. अस्थाई, म्हणजे चालीची सुरुवात, तिची; अंतरा त्याचा. अध्यक्षांनी चष्मा सावरला. पाहुण्यांची अट तुम्हाला ठाऊक आहे, ते म्हणाले. नामदेव तर समोर बसलाय. या बाई हयात आहेत ना?

नामदेवने मान खाली घातली. मला मळा आठवला, भरून वाहणारा पाट आठवला, मोगऱ्याच्या वाफ्यात शिरणारं पाणी आठवलं. पुण्याची सगळी शुद्ध मराठी माझ्या तोंडाशी होती आणि तिच्यातला एकही काळ या प्रश्नाला पुरत नव्हता.

"गाऊन राहिली," मी म्हणाले.

अध्यक्षांना वाटलं, गायली आणि मागे राहिली. प्रवासाला येणार नाही. त्यांनी मान डोलावली. नामदेवने मात्र डोकं वर केलं. त्याला बरोबर कळलं होतं.