मॅव्हिस ऑर्मरॉडचं मत

मॅव्हिस ऑर्मरॉडला एका जागी बसलेली मी कधी पाहिली नाही. उभी असली तरी एक टाच हलत असायची. हाताला काम नसलं तर ती पुसलेला ओटाच पुन्हा पुसायला घ्यायची. "बस की जरा, बये," म्हटलं तर म्हणायची, "बसायला काय, पुढे थडग्यात बसायचंच आहे." थडग्यात झोपतात, हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता.

थॉर्नशॉमध्ये रेल्वेपुलाच्या उताराला तिचं पाईचं दुकान होतं, बापाकडून आलेलं. पातळ पारी, आत खिमा आणि बटाटा, आणि शिंक येईल इतकी मिरी. शनिवारी आमच्या रोव्हर्स फुटबॉल क्लबचा घरच्या मैदानावर सामना असला की पहाटे पाचला भट्टी पेटायची आणि दुपारी दोनपर्यंत नऊशे पाई मैदानावर पोचायच्या. मध्यंतराला खिडकीसमोर रांग लागायची. संघ तीन गोलांनी मागे असला तरी त्या रांगेत कोणी शिव्या देत नसे. शिव्या निघायच्या त्या पाई संपल्यावर.

पाई पोचवून मॅव्हिस आमच्याबरोबर गोलमागच्या पायऱ्यांवर उभी राहायची, ऐंशी मिनिटं. त्यापुढे तिला सोसायचं नाही. बाहेर जाऊन ती भिंतीलगत येरझाऱ्या घालायची आणि आतल्या आरड्याओरड्यावरून काय झालं ते ताडायची. चाळीस वर्षांत एकाही सामन्याची शेवटची दहा मिनिटं तिने पाहिली नसतील. तरीही आमच्यात सगळ्यांत कट्टर तीच, असं मी छातीठोकपणे सांगत असे.

मी विल्फ हॅवर्थ, धंद्याने रंगारी. मैदानाचे कठडे दर उन्हाळ्यात निळे करायचं काम माझ्याकडे होतं.

क्लब कसा बुडाला ते सांगायला फार अक्कल लागत नाही. अंथरूण हातभर आणि पाय गावभर. आमचा मालक लेनर्ड स्टॉट, खिडक्या-दारांचा व्यापारी. वरच्या गटात जायचं म्हणून त्याने डॅरेल किन्सेला नावाचा गोल मारणारा आणला, आठवड्याला चार हजार पौंडांवर. किन्सेला नऊ सामने खेळला, दोन गोल मारले आणि गुडघा धरून बसला. तीन वर्षांचा करार मात्र ठणठणीत होता. मार्चमध्ये स्टॉटसाहेब हवापालटाला पोर्तुगालला गेले. हवा त्यांना इतकी मानवली की ते परतलेच नाहीत. मग कोर्टाकडून प्रशासक आला. फेनिक नावाचा सभ्य गृहस्थ, पण त्याचा चेहरा पाहिला की घरात कोणी गेल्यासारखं वाटायचं.

आम्ही वर्गणीसाठी बादल्या घेऊन बाजारात उभे राहिलो. लोक चिल्लर टाकायचे, कोणी नोट टाकायचं. एका म्हातारीने चुकून बसचा पास टाकला आणि तो परत शोधायला अर्धा तास गेला. त्या दिवसांत कशातच लक्ष लागत नव्हतं. मी एका बाईचं स्वयंपाकघर पिवळ्याऐवजी हिरवं रंगवून ठेवलं.

मेमध्ये घेणेकऱ्यांना पत्रं आली, सोबत कोणाचं किती थकलंय त्याची यादी. मी ती घेऊन मॅव्हिसच्या दुकानात गेलो. ग्लेनिस तिथे पारी लाटत होती. ग्लेनिस म्हणजे मॅव्हिसकडे बावीस वर्षं कामाला असलेली बाई. अठ्ठावन्नची, नवरा छातीच्या दुखण्याने घरात पडून. घर चालायचं ते या दुकानावरच.

"तुझं किती रे?" मॅव्हिसने विचारलं.

"सहाशे वीस."

"कठड्यांचे?"

"कठड्यांचे आणि एका संडासाचे."

"माझे चौदा हजार," ती म्हणाली आणि ओटा पुसायला लागली. "वर्षभराच्या पाई. दर महिन्याला तो स्टॉट म्हणायचा, पुढच्या महिन्यात देतो, मॅव्हिस. आणि मी देत राहिले. शनिवारी लोकांनी उपाशी ओरडायचं का?"

हीच तिची चूक म्हणायची तर चूक. दुसऱ्या कुठल्याही गिऱ्हाइकाला तिने दोन आठवड्यांपलीकडे उधार दिलं नसतं. पाद्रीबाबांनाही नाही.

पत्रात दोन वाटा होत्या. एक, क्लब गावकऱ्यांच्या नव्या मंडळाकडे जाईल. त्यात तुमच्या-माझ्यासारख्यांना पौंडामागे दोन पेन्स मिळतील. पण खेळाडूंचे आणि दुसऱ्या क्लबांचे पैसे आधी आणि पुरेपूर द्यायचे, कारण त्याशिवाय लीग मैदानात उतरूच देत नाही. दोन, क्लब मोडायचा, जमीन घरं बांधणाऱ्याला विकायची, आणि सगळ्यांना पौंडामागे तीस पेन्स. मतं डोकी मोजून होणार नव्हती, थकलेल्या रकमेवर होणार होती. मत देणाऱ्यांच्या रकमेपैकी पाऊण हिस्सा 'हो' म्हणाला तर क्लब जगणार. सरकारी कर खातं 'नाही' म्हणणार हे ठरलेलं होतं. त्यामुळे सगळं केसावर लटकलं होतं आणि मॅव्हिसचे चौदा हजार तराजू कुठेही झुकवू शकत होते.

"म्हणजे किन्सेलाला सगळे?" ग्लेनिसने लाटणं थांबवून विचारलं.

"सगळे. पै न् पै."

"आणि प्रथमोपचारवाल्यांना? ते पोरांना झोळीतून उचलून नेतात ते?"

"दोन पेन्स."

"अगं बाई," ग्लेनिस म्हणाली, "त्याच्या गुडघ्यालाच उभं करा की पुढच्या मोसमात."

मॅव्हिस हसली नाही. ती दारापर्यंत गेली, परत आली. गिरणीवाल्याने पीठ उधार द्यायचं बंद केलं होतं. तीस पेन्सच्या हिशेबाने मिळणाऱ्या चार हजारांत गिरणी भागली असती आणि दुकान हिवाळा काढून गेलं असतं. दोन पेन्सच्या हिशेबाने मिळणार होते दोनशे ऐंशी.

पुढचे तीन आठवडे मंडळाने मला मॅव्हिसच्या मागे लावलं. "तुझं ऐकते ती," म्हणाले. ती कोणाचंच ऐकत नसे. पण मी जात राहिलो. ती भट्टीपाशी, मी तिच्या मागे. ती गाडीत ट्रे चढवतेय, मी ट्रे धरून.

एकदा मी हुकमाचं पान काढलं. चौऱ्याऐंशी साली क्लब असाच अडला होता, तेव्हा मॅव्हिसच्या बापाने क्लबकडे थकलेलं आपलं बिल घेऊन मैदानाच्या मध्यावर जाऊन फाडलं होतं. अख्खं गाव उभं राहिलं होतं. आमच्याकडे हा मानाचा रिवाजच पडला होता. खाटीक, छापखानेवाला, कोळसेवाला, सगळ्यांनी कधी ना कधी असं बिल फाडलं होतं.

"तुझा बाप असता तर काय केलं असतं, मॅव्हिस?"

ती इतकी गर्रकन वळली की ट्रे माझ्या हातातून निसटला.

"बापाने बिल फाडलं. आणि माझ्या आईने दोन वर्षं शाळेच्या फरशा पुसल्या, गुडघ्यांवर. त्याला कोणी टाळ्या वाजवल्या का रे? तू वाजवल्यास? तिने मला कोणाला सांगू नको म्हटलं, म्हणून वीस वर्षं सांगितलं नाही. आता उचल त्या पाई."

मी पाई उचलल्या. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त भीती वाटली. शनिवार दुपार रिकामी होईल याची भीती. बायको गेल्यापासून मला तेवढीच एक गोष्ट होती जिच्यासाठी मी दाढी करत असे.

मुदतीच्या आदल्या दिवशी मॅव्हिसने मला बोलावलं. ग्लेनिस नव्हती. ओट्यावर बंद पाकीट होतं, वर फेनिकचा पत्ता.

"पोस्टात टाकशील? माझ्या हातून नाही पडत पेटीत. दोनदा जाऊन आले."

मी पाकीट घेतलं.

"विल्फ," ती म्हणाली, "क्लब मरावा असं मला वाटत नाही. हे तुला ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे, पोरी! ठाऊक होतंच!"

"थांब, माझं ऐक आधी..."

पण मी थांबलो कुठे! साठीतला माणूस, उतारावरून पळत सुटलो. पाकीट पेटीत पडायच्या आत मी ते दोघांना सांगून मोकळा झालो होतो. संध्याकाळपर्यंत बारमध्ये, चर्चमध्ये, केशकर्तनालयात एकच गोष्ट: मॅव्हिस 'हो' म्हणाली, चौदा हजारांवर पाणी सोडलं, बापाची लेक!

मोजणी झाली. शंभरातले शहात्तर 'हो'. क्लब वाचला. दुकानाच्या दाराशी बायका मॅव्हिसच्या गळ्यात पडल्या.

"अगं, मी काही केलेलं नाही," ती म्हणायची.

"बघा, किती साधी!" बायका म्हणायच्या.

तिने मला गाठायचा दोनदा प्रयत्न केला. एकदा मी शिडीवर होतो, एकदा मंडळाच्या बैठकीत. त्या उन्हाळ्यात माझा पाय जमिनीवर नव्हता. जुलैत तिने दुकान बंद केलं. ग्लेनिस एका म्हाताऱ्यांच्या निवासात आठवड्याला दोन दिवस भांडी घासायला लागली. मी म्हटलं, चला, तेवढं तरी झालं. असं मी खरंच म्हटलं.

ऑगस्टमधला पहिला सामना. मैदान खच्चून भरलेलं, कठडे ताजे निळे, रंग मीच फुकट दिलेला. पाई आता शंभर मैलांवरच्या कारखान्यातून यायच्या, पुठ्ठ्याच्या खोक्यात, आणि त्यांना चव नव्हती. सामन्याआधी मंडळाने मॅव्हिसला मध्यावर बोलावलं. ती येत नव्हती. "तुला यावंच लागेल," म्हणत दोघांनी तिला हाताला धरून आणलं. ही कल्पना कोणाची होती ते विचारू नका. माझीच होती.

नायजेल, आमचा ध्वनिक्षेपकवाला, सुरू झाला. "जिने स्वतःचं दुकान दिलं आणि आपला क्लब वाचवला..." सहा हजार माणसं उभी राहिली. मॅव्हिसच्या हातात फुलांचा मोठा गुच्छ होता. ती टाच हलवत नव्हती. ते पाहून मला पहिल्यांदा काहीतरी चुकतंय असं वाटलं. तिने नायजेलच्या हातून माईक घेतला.

"फुलं छान आहेत," ती म्हणाली. "पण चुकीच्या बाईला दिलीत. मी 'नाही' म्हटलं होतं."

लोक हसले. त्यांना थट्टा वाटली.

"खरंच सांगते. कागदावर 'नाही' लिहून सही केली. ग्लेनिस बावीस वर्षं माझ्याकडे होती. तिला घरी बसवायचं आणि त्या किन्सेलाच्या गुडघ्याचे पुरे पैसे मोजायचे, याला 'हो' म्हणायला माझा हात वळला नाही. तुम्ही तरीही वाचलात. मला आनंद आहे, देवाशपथ. रात्रभर रडले आनंदाने. पण ज्या गोष्टीला मी नाही म्हटलं तिच्यासाठी टाळ्या घेऊन मला घरी जाता येणार नाही. एवढंच."

सगळं मैदान चिडीचूप झालं. कोणाचं तरी लहान मूल बोललं, तेवढंच ऐकू आलं. माझ्या शेजारचे दोघे माझ्याकडे वळले. त्यांच्या नजरेत प्रश्न होता, आणि मागच्या पायरीवरून कोणी तरी म्हणालंच, "का रे विल्फ्या, तू तर म्हणाला होतास..."

माझ्या कानशिलांना आग लागली. तिने आईची गोष्ट मला सांगितली होती. थांब, ऐक, म्हणाली होती. हे सगळं मला त्या क्षणी आठवत होतं. तरी माझं तोंड उघडलं.

आधी मला वाटलं, दुसरंच कोणी ओरडतंय. मग बाजूचे ओरडले, मग पायऱ्या, मग समोरची छपराखालची खुर्च्यांची बाजूही. सहा हजार माणसांनी तिची हुर्यो उडवली. पण पहिली हुर्यो शांततेत एकट्याची उठली होती, आणि ती माझी होती.

मॅव्हिसने मान वर करून नेमकं आमच्या पायऱ्यांकडे पाहिलं. चाळीस वर्षं ती माझ्या शेजारी उभी राहिली होती. तो आवाज माझा आहे, हे तिला दुसऱ्या कोणी सांगायला नको होतं.