दाजींची अक्का

अक्का स्वतःच्या घरात कधी गुपचूप वावरली नाही. स्वयंपाकघरातून ओसरीवर यायचं असलं तरी आधी आवाज द्यायची, "मी शे. पाणी घेऊन येतेय." मगच उंबरा ओलांडायची. नव्या माणसाला हसू यायचं. पण ओसरीवर दाजी भिंतीला पाठ लावून बसलेले असत, आणि अचानक कोणी समोर आलं की त्यांना दरदरून घाम फुटत असे.

अक्का माझी थोरली बहीण. दाजी धरणगावला एका जिनिंगमध्ये फिटर होते. एका दुपारी तिथल्या कापसाच्या ढिगाने पेट घेतला. दाजींनी आत शिरून एकेक करत दोन मजुरांना बाहेर ओढून आणलं. पुन्हा आत जायला निघाले तेव्हा लोकांनी त्यांना धरून ठेवलं. त्यांचा जोडीदार संतोष आतच राहिला. दाजींचे भाजलेले हात काही महिन्यांत भरून आले. ते कामावर मात्र परत गेले नाहीत. जेवताजेवता उठत, दारं-खिडक्या उघडत सुटत आणि "संतोष कुठे शे?" असं विचारत.

सासूबाईंना वाटलं, बाहेरचं काही लागलंय, भगताकडे नेऊ. अक्का भांडली नाही. दुसऱ्या दिवशी दाजींना घेऊन माझ्याकडे जळगावला आली आणि म्हणाली, "डोक्याचा डॉक्टर शोध. चांगला, घाई न करणारा." एसटीत ती दाजींना मागच्या बाकावर बसवायची, म्हणजे त्यांच्या पाठीशी कोणी नसे. एकदा पारावर कोणी तरी म्हणालं, "गडी भित्रा निघाला." अक्का भाजी घेऊन चालली होती. थांबून तिने शांतपणे विचारलं, "ते दोनदा आगीत शिरले. तुम्ही किती वेळा शिरले, भाऊ?"

आमच्याकडे हिवाळा म्हणजे भरीत, आणि भरिताची वांगी भाजायची ती पऱ्हाट्यांवर. कपाशीच्या त्या वाळक्या काड्यांचा धूर दाजींना सोसत नसे. अक्काने घरात भरीत करणंच सोडलं. पण गल्लीचं काय? एके दिवशी शेजाऱ्यांनी भरितासाठी जाळ केला. धूर आत आला तसे दाजी ताडकन उठले आणि भाकरी थापत बसलेल्या अक्काला दंडाला धरून फरफटत रस्त्यावर घेऊन आले. तिचा खांदा निखळला. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा नर्स तिला हळूच विचारत होती, "मारलं का त्यांनी?"

"नाही," अक्का म्हणाली. "वाचवत होते मला."

पण दाजींच्या डॉक्टरांपासून तिने यातलं काही लपवलं नाही. त्यांनी औषध बदललं, आणि पुन्हा असं झालं तर तिने आधी स्वतः बाहेर पडायचं, असं बजावलं. हात गळ्यात बांधलेला असतानाच ती शेजाऱ्यांच्या दारोदार गेली. "भरीत करा. फक्त मला आधी सांगा." गल्लीने ते मानलं. निरोप आला की ती दाजींना घेऊन एरंडोलच्या बसला बसायची आणि पद्मालयाच्या तळ्याकाठी दिवस काढून यायची.

ती देवी नव्हती. एकदा माझ्या स्वयंपाकघरात भांडी घासताघासता म्हणाली, "संतोष गेला, पण आमच्या घरातून जात नाही रे. कधी कधी मला त्या मेलेल्या माणसाचा राग येतो. मग त्याची बायको दिसते, आणि माझीच लाज वाटते." मी काही बोलणार तेवढ्यात तिने नळ मोठा केला.

दाजी हळूहळू सावरत होते. बाजारात एकटे जाऊ लागले, एका दुकानात पंपांच्या मोटारी दुरुस्त करू लागले. आणि अक्काचं पोट दुखायला लागलं. ते तिने अंगावर काढलं. निदान झालं तेव्हा फार उशीर झाला होता. तिची लेक पूनम धुळ्याला नर्सिंग शिकत होती, ती शिक्षण थांबवून आली. शेवटच्या आठवड्यात अक्काने मला जवळ बोलावलं. "अग्नी पूनम देईल. त्यांना पुढे करू नका. लोक बोलतील, बोलू द्या."

लोक बोललेच. "नवरा जिवंत असताना पोरगी?" पूनमने अग्नी दिला. मी दाजींना स्मशानाच्या फाटकाबाहेर निंबाखाली घेऊन बसलो होतो. थोड्या वेळाने वारा फिरला आणि धूर आमच्याकडे येऊ लागला. मी उठलो, म्हटलं, "चला दाजी, तिकडे जाऊ."

त्यांनी मला खाली ओढलं.

"धूर तिना शे," ते म्हणाले. "बसू दे माले."