मुशीत गेलेला मणी

मंडळी, आपली फिरती वही या आठवड्यात माझ्याकडे आहे, म्हणून आजचंच लिहितो.

आईला जाऊन सहा महिने झाले. तिची बोरमाळ मोडून भाचीचं मंगळसूत्र करायचं, असं भुसावळच्या अक्काने, माझ्या थोरल्या बहिणीने, ठरवलं. सकाळी माळ घेऊन मी सोनाराकडे गेलो.

सोनार आबांनी पोकळ मणी आचेवर धरून आतली लाख काढली. जुना दागिना मुशीत, म्हणजे सोनं वितळवायच्या भांड्यात, टाकण्याआधी ते तीनदा विचारतात. "भाऊ, एकदाव देखी ल्या. मंग मुशीमा टाकस."

तिन्ही वेळा मी "टाका" म्हणालो. माझी नजर त्यांच्या फुंकणीवर होती.

"एवढा शिकेल मानूस, हातमा तं ल्या!" आबा हसले. मी हात पुढे केला नाही. मणी वितळले. मला काहीच वाटलं नाही.

दुपारी अक्का भाचीला घेऊन आली. आल्याआल्या म्हणाली, "तो चेपलेला मणी बाजूला काढलास ना रे? तान्हा असताना तू चावला होतास. आई सगळ्यांना दाखवायची."

मी "हो" म्हणालो.

आता ती आत भाचीला सांगते आहे, "मामाने जपून ठेवलाय, मागून घे."

हे लिहून झालं की आत जाऊन खरं सांगणार आहे. पण अजूनही मला काहीच वाटत नाही. वाईट न वाटता मागितलेली माफी खरी असते का? तुम्ही कधी मागितली आहे का?