राजसबाईंच्या गोलूतला घोडा

सुट्टीत पोरांचं काय करायचं, हा प्रश्न चेन्नईच्या वेस्ट मांबलममधल्या त्या इमारतीत कुणालाच पडत नाही. ते काम राजसबाईंनी परस्पर अंगावर घेतलं आहे. शाळेतून निवृत्त झाल्या तरी बाईंचा आवाज काही निवृत्त झालेला नाही. तंजावरी मराठी घरातल्या या बाईंना सगळी इमारत मामी म्हणते आणि मुकाट्याने त्यांचं ऐकते.

तिमाही परीक्षा संपली की नवरात्राच्या सुट्टीत त्या पोरं गोळा करतात आणि बसने निघतात. कधी गिंडीची हरणं, कधी एग्मोरचं म्युझियम, कधी मरीना. अट एकच, पाहिलेलं घरी येऊन मातीत करून दाखवायचं. बाईंच्या हॉलमध्ये गोलू मांडलेला असतो, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांवर देवादिकांच्या पिढीजात बाहुल्या. त्यापुढे जमिनीवर पोरांचं हे मातीचं चेन्नई. मोहरी पेरून उगवलेलं गवतसुद्धा त्यात असतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या देविकाला या सगळ्याचं कौतुक होतं, पण तिची काळजी वेगळीच होती. नवऱ्याची बदली चेन्नईजवळच्या ओरगडमच्या कारखान्यात झाली म्हणून जूनमध्ये ते पुण्याहून इथे आले. आठ वर्षांच्या अनन्याला तमिळ येईना, शाळेत तोंड उघडेना. घरी एकच धोशा, ‘मला पुण्याला आत्याकडे पाठवा.’ शेवटी हो-ना करता करता ठरलं, दसरा झाला की तिला पुण्याला ठेवायचं, शाळाही तिथेच. तिकीट काढून झालं होतं. पोटची पोर लांब जाणार म्हणून देविका तिची बॅग भरायचं रोज उद्यावर टाकत होती.

“तिकीट अहे तर असूं दे,” राजसबाई म्हणाल्या. “तोंवर ती माझी.”

मरीनाला देविकाही सोबत गेली. बाकीची पोरं लाटांकडे धावली. अनन्या मात्र एका भाड्याच्या घोड्यापाशी थबकली ती हलेचना. बाईंनी तिला हाक मारली नाही की पुढे ढकललं नाही. छत्री तिच्या डोक्यावर धरून स्वतः उन्हात उभ्या राहिल्या. आपणही पोरीला इतका वेळ कधी दिला नाही, हे देविकाला मनोमन पटलं.

घरी कुणी दीपगृह केलं, कुणी फुगेवाला. अनन्याने घोडा केला. तो उभाच राहीना, कारण मागचा एक पाय अर्धवट उचललेला. शेजारचा कार्तिकेय फिदीफिदी हसला.

“चारही पाय टेकव ना, बाळा,” देविका हळूच म्हणाली.

“दमला की तो असाच उभा राहतो. मी पाहिलंय.”

बाई कुरकुरते गुडघे सांभाळत खाली बसल्या. “खरं अहे, कण्णा,” त्या तमिळ लाडाने तिला म्हणाल्या. “इतकी वर्षं मरीनाला जातों, हें मी पाहिलीच नाही.”

त्यांनी वाटीतल्या सुंडलमधला, म्हणजे प्रसादाच्या उसळीतला, एक हरभरा घोड्याच्या पायाखाली टेकू म्हणून दिला. घोडा उभा राहिला. मग त्यांनी तो उचलून थेट पायरीवर, जुन्या बाहुल्यांच्या रांगेत ठेवला. गोलूत दर वर्षी एक तरी नवी बाहुली हवी. बाई ती मैलापूरच्या बाजारातून पारखून आणायच्या. यंदा त्या गेल्याच नाहीत.

नवरात्रभर हळदीकुंकवाला येणाऱ्या प्रत्येकीला घोडा दाखवला गेला. कार्तिकेय ऐटीत तमिळमध्ये सांगायचा, अनन्या पायावर बोट ठेवायची. ‘कुदिरै’ म्हणजे घोडा, एवढा शब्द आधी तिच्या तोंडी बसला, मग त्याच्यामागून बाकीचे आले.

दसऱ्यानंतर आवराआवर निघाली. राजसबाई एकेक बाहुली जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून पेटीत ठेवत होत्या. घोडा त्यांनी अनन्याच्या हाती दिला.

“तूच ठेव. आमच्यांत ज्यानं बाहुली ठेवली, त्यानंच पुढल्या वर्षी काढायची. दुसरा कोणी हात लावत नाहीं.”

असा रिवाज खरंच होता की बाईंनी उभ्या उभ्या रचला, देव जाणे. अनन्याने घोडा गुंडाळून ठेवला आणि पेटीत डोकावून पाहिलं.

“आई, मी पुण्याला गेले तर हा आतच राहणार?”

“हो गं.”

“मग ते तिकीट रद्द कर.”

देविकाने चमकून तिच्याकडे पाहिलं. राजसबाईंनी मात्र वर पाहिलंही नाही.

“पेटी जड अहे गे,” त्या म्हणाल्या. “दोघी मिळून उचला.”