जुना पार्ट दाखवा

प्रत्येक गॅरेजमध्ये पत्र्याचा एक डबा असतो. गाडी खोलून परत जोडली की कुठला तरी वॉशर नाहीतर स्क्रू उरतो, तो त्यात जातो. कुठल्या गाडीचा, हे कोणी विचारत नाही. गाडी चालत राहते, डबा भरत राहतो! अंबादास मिस्त्रींच्या गॅरेजमधले किस्से माझ्याकडे असेच साठलेत.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. शाळा दुपारी सुटते आणि टीव्ही सेंटरमागच्या गल्लीतलं हे गॅरेज घराच्या वाटेवर आहे. दारात एका जुन्या जीपचं मागचं सीट टाकलेलं आहे. त्या सीटवर मी आणि पाटबंधारे खात्यातले साळवे साहेब, असे आम्ही दोघं कायमचे सभासद.

मिस्त्रींचे नियम दोनच. पहिला, चालण्यासारखा पार्ट बदलायचा नाही. "अजून चालंल," हे त्यांच्या तोंडचं एक वाक्य ऐकायला लोक पार जुन्या शहरातल्या गुलमंडीपासून येतात. दुसरा, बदललाच तर जुना पार्ट वर्तमानपत्रात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. घेतल्याशिवाय गाडीची किल्ली मिळत नाही.

"मी काय करू याचं?" असं विचारणारे असतात.

"बघा तरी! नाय बघितलं तर तुम्हाला कसं कळंल, मी बदलला का नाय?"

* * *

पहिला किस्सा माझाच. माझी स्कूटर खडखडायला लागली. दोन गॅरेजवाल्यांनी दोन वेगवेगळ्या गोष्टी बदलल्या, आवाज तसाच. मग मी मिस्त्रींकडे आलो.

मिस्त्रींनी गाडीला हातही लावला नाही. म्हणाले, "सर, आवाज शाळेत जाताना येतो का परत येताना?"

मी विचार केला. "येताना."

त्यांनी डिकी उघडली, माझा स्टीलचा डबा काढला आणि कानाजवळ धरून हलवला. खडखड, खडखड!

"भाजी संपली की चमचा वाजतो," म्हणाले.

मला हसावं की पळावं कळेना. मिस्त्रींनी मात्र डब्यातला चमचा काढला, व्यवस्थित वर्तमानपत्रात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला.

"जुना पार्ट."

* * *

साळवे साहेबांनी इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायचं ठरवलं, तेव्हा तीन महिने अभ्यास केला. लॅपटॉपवर तक्ता, त्यात रेंज, वॉरंटी, बॅटरी, टायर, सगळं. आम्हाला रोज एक रकाना वाचून दाखवायचे. ऑफिसात एखाद्या कालव्याचा इतका अभ्यास झाला नसेल.

गाडी आली. अगदी पेढेबिढे झाले. तक्त्यात एकच रकाना राहिला होता. साहेब तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि पार्किंगमध्ये प्लग नाही!

मग गॅलरीतून लांबलचक वायर खाली सोडली. पंधरा दिवस बरं चाललं. एके सकाळी साहेब क्रांती चौकातून गाडी ढकलत आले, घामाघूम. बाईसाहेबांनी चटणी वाटायला मिक्सर लावला होता, त्यासाठी वायर काढली आणि परत लावायची राहिली.

मिस्त्रींनी गाडीभोवती एक चक्कर मारली, सीटवरून हात फिरवला.

"साहेब, गाडी लई भारी हाय. फक्त फ्लॅट बदला."

* * *

एकदा एक हाडांचे डॉक्टर आले. कॉलेजच्या दिवसांतली मोटरसायकल त्यांनी हौसेनं ठेवलेली, रविवारी दौलताबादपर्यंत चक्कर मारायला. गॅरेजात मात्र ती टेम्पोतून आली होती.

मिस्त्री गाडीपुढे उकिडवे बसले. ते नेहमी तसंच बसायचे. उभ्यानं काम करण्यासाठी गाडी वर उचलणारी लिफ्ट घ्या, असं साळवे साहेब कितीदा म्हणाले, पण मिस्त्रींचं म्हणणं ठाम. "तिच्यापुढं बसल्याबिगर ती बोलत नाय."

इंजिन खोललं, तर आतलं ऑइल डांबरासारखं झालेलं, पिस्टनवर ओरखडेच ओरखडे. मिस्त्रींनी पिस्टन उजेडात धरला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले,

"ह्याचा मालक कोन हाय?"

डॉक्टर समोरच उभे होते! टेम्पोतून गाडी त्यांनीच उतरवली होती. तरी बिचारे शाळेतल्यासारखा हात वर करून म्हणाले, "मी."

"वर्सभर आवाज करीत आसंल ना ही? मंग?"

"वेळच मिळाला नाही हो."

मिस्त्रींची ही जुनी सवय. हयगयीनं मेलेला पार्ट दिसला की आधी ही आरोळी, मग बाकीचं. समोर कोण उभं आहे हे ते बघतच नाहीत. डॉक्टरांनी पिस्टनची पुडी गुपचूप घेतली. मिस्त्री उठायला लागले. एक हात गाडीच्या सीटवर, एक मांडीवर, आणि उजव्या गुडघ्यातून कट्ट असा आवाज आला.

डॉक्टर म्हणाले, "आणि हा कधीपासून आवाज करतोय?"

"अजून चालंल," मिस्त्री म्हणाले.

* * *

डॉक्टरांनी बोलावून एक्स-रे काढला. गुडघा बदलावा लागेल म्हणाले. आणि बदलल्यावर उकिडवं बसणं बंद, कायमचं.

मिस्त्री ऑपरेशनला भ्यायले नाहीत. ते त्या दुसऱ्या वाक्याला भ्यायले. वयाच्या पंधराव्या वर्षापासून हा माणूस गाड्यांपुढे बसत आलाय, दुसरं काही येत नाही. बसता नाही आलं तर गॅरेज बंद, असा त्यांचा सरळ हिशेब. मग तेल झालं, पट्टा झाला, वेरूळकडच्या कुणा वैद्याचा लेपही झाला.

त्यांची स्वतःची स्कूटर किकवाली. उजव्या पायानं किक बसेना, तर मिस्त्री ती उतारावर लावायला लागले. उतारावरून सोडायची, गिअर टाकायचा, चालू! हळूहळू घरी जायचा रस्तासुद्धा उतार बघून ठरायला लागला. दहा मिनिटांचं घर अर्ध्या तासावर गेलं. कुठं बंद पडलीच तर फोन करून बायकोला बोलवायचे.

कमलवहिनी एकदा गॅरेजात येऊन आमच्यापुढंच म्हणाल्या, "आख्ख्या शहराच्या गाड्या नीट करतेत हे. आन् मी रोज धक्का मारते!"

मिस्त्री म्हणाले, "अगं, गाडीत काय बी खराबी नाय."

"मला मालूम हाय खराबी कशात हाय ते!"

* * *

हा किस्सा हसण्यासारखा नाही, पण सांगतो.

एका दुपारी मी सीटवर बसलो होतो. मिस्त्री एका बाईकपुढे बसलेले. काम संपल्यासारखं दिसत होतं, पण ते उठेनात. गिऱ्हाईक उभं होतं.

"झालं का, मिस्त्री?"

"थांबा जरा. बारीक काम हाय."

त्यांनी चेनचा बोल्ट आवळला. मग तोच बोल्ट सैल केला, परत आवळला. फडक्यानं चेन-कव्हर पुसलं. तिसऱ्यांदा तोच बोल्ट! तोवर गिऱ्हाईक चहाला गेलं. मिस्त्रींनी माझ्याकडे न बघता हळूच म्हटलं, "सर, हात द्या."

मी हात दिला. ते उठले, भिंतीला टेकून उभे राहिले. इतका वेळ ते तिथं अडकून बसले होते आणि मी समोर बसून पेपरातलं कोडं सोडवत होतो. मला माझीच लाज वाटली.

संध्याकाळी साळवे साहेब आले, त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी लॅपटॉप उघडला. या वेळी अभ्यास चारच दिवस चालला आणि एक सेकंडहँड लिफ्ट गॅरेजात येऊन पडली. प्लग कुठं आहे, हे साहेबांनी आधी बघून ठेवलं होतं!

माझी स्कूटर वर चढवली. बटण दाबलं, गाडी मिस्त्रींच्या छातीपर्यंत आली. त्यांनी इंजिन चालू केलं, उभ्यानंच कान जवळ नेला. मिस्त्री बराच वेळ ऐकत राहिले.

"टॅपेटचा आवाज हाय जरा," म्हणाले. मग आमच्याकडे वळले. "उभ्यानं बी बोलती की ही!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. म्हणाले, "कधी खोलता?"

* * *

अट मात्र घातलीच. जुना पार्ट दाखवायचा. डॉक्टर म्हणाले, "मिस्त्री, तो हातात देता येत नाही, नियम आहेत."

"मंग मला कसं कळंल, तुम्ही बदलला का नाय?"

शेवटी फोटोवर तडजोड झाली.

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी वॉकर धरून मिस्त्री वॉर्डात चार पावलं चालले, कमलवहिनींनी पदरानं डोळे पुसले. आम्ही दोघं मोसंबी घेऊन बसलो होतो. तेवढ्यात डॉक्टर राउंडला आले आणि न विसरता मोबाइल काढून त्यांनी मिस्त्रींच्या हातात दिला.

स्टीलच्या ट्रेमध्ये हाडाचे तुकडे होते. खरवडलेले, एका बाजूनं पार घासून गेलेले. मिस्त्रींनी चष्मा लावला, दोन बोटांनी फोटो मोठा केला. इकडून बघितला, तिकडून बघितला. "अजून चालला असता" म्हणणार, अशी माझी खात्री होती. साळवे साहेबांनी मला कोपरखळीही मारली.

मिस्त्रींच्या कपाळावर आठी पडली. मोबाइल उजेडात धरून ते आख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असे ओरडले,

"ह्याचा मालक कोन हाय?"