आबांची लेझीम आणि माझी हाक

माझ्या मुलीच्या, पल्लवीच्या हळदीला मी पस्तीस माणसांना कमरेत वाकवलं आणि त्यांना सरळ कसं करायचं तेच विसरलो.

यात पहिला दोष आबांचा. माझे वडील अंजनगावच्या एका शाळेत ड्रिलमास्तर होते. शेतकऱ्यांच्या पोरांच्या डोक्यात लेझमीचे एक-दोन-तीन-चार शिरेनात, म्हणून त्यांनी शेतातल्याच हाका केल्या. ‘वखर!’ म्हटलं की चार पावलं पुढे. ‘निंदण!’ म्हटलं की वाकून लेझीम पायाशी. ‘बैलं वळवा!’ म्हणजे अख्ख्या रांगेने डावीकडे वळायचं. आठवडाभरात पोरं तयार!

“पल्लवीच्या लग्नात एक लेझीम झाली पायजे,” आबा आमच्या अमरावतीच्या घरी म्हणाले. “माह्या डोयानं एकडाव पाहू द्या. पण माहा गया बसला, आवाज निंघत नाही. हाक कोन देईन?”

“हे देतील ना!” माझी बायको सुनंदा म्हणाली. “हे तं शाळेत पयल्या रांगेत होते!”

(सत्तावीस वर्षांपूर्वी मी तिला असं काहीतरी सांगितलं होतं. नवा नवरा काय काय सांगत नाही!) आबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि आपली पितळी शिट्टी माझ्या गळ्यात घातली.

अकोल्याच्या मंगल कार्यालयात दोन्हीकडची मंडळी लेझीम घेऊन उभी राहिली. बहुतेकांनी ती आयुष्यात पहिल्यांदाच हातात धरलेली. पुढच्या रांगेत खुद्द व्याही, नवा फेटा बांधून. ढोलावर रफीकभाई, आबांचा विद्यार्थी आणि माझा वर्गमित्र. मी सगळ्यांना हाका समजावल्या, शिट्टी फुंकली.

“वखर!” छम छम छम छम! चार पावलं पुढे. खुर्चीतल्या आबांचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, आपण उगीचच आयुष्य कारकुनीत घालवलं. “निंदण!” सगळे वाकले.

आणि मला पुढची हाक आठवेना! थांबायची एक हाक होती खरी. आबा शाळेत रोज शेवटी ती द्यायचे. पण ती कानावर पडायच्या आतच मी मैदानाबाहेर पळालेला असायचो.

“व्याहीबुवा,” व्याह्यांनी वाकल्या वाकल्या विचारलं, “हे निंदन कवा सरते? माही कंबर धरून राह्यली!”

“वखर!” मी घाबरून ओरडलो. पस्तीस माणसं वाकलेलीच पुढे निघाली. मी मागे सरकलो. माझ्या मागे जेवणाची टेबलं होती. “वखर!” (दुसरं काही येत असतं तर मी म्हटलं नसतं का?) व्याह्यांचा फेटा मठ्ठ्याच्या पातेल्यात गेला. “बैलं वळवा!” म्हणत मी डावा हात दाखवला. पण मी त्यांच्याकडे तोंड करून उभा! निम्मे आपापल्या डावीकडे वळले, निम्मे माझ्या हाताकडे. साखळ्या साखळ्यांत अडकल्या. विहीणबाईंची लेझीम सुनंदाच्या पदरात गुंतली. आबांनी मान खाली घातली. ती खाली गेलेली मान माझ्याने पाहवेना.

“बस करा बाप्पा!” रफीकभाईंनी ढोल थांबवला. “सर, याले काहून पुढं केलं? हा तं सगळ्यात मांगच्या रांगेत राहे!”

सुनंदाने पदर सोडवता सोडवता माझ्याकडे पाहिलं. सत्तावीस वर्षांचा संसार त्या नजरेत होता.

आबा काठी टेकत पुढे आले. बसलेल्या आवाजात म्हणाले, “बैलं सोडा.”

हीच ती हाक! काम संपलं, सरळ व्हा. रफीकभाईंनी ती मोठ्याने दिली आणि पस्तीस कंबरा एकदम सरळ झाल्या. मग आबा हळू बोलायचे, रफीकभाई गरजायचे. दहा मिनिटं अशी लेझीम झाली की अंजनगावचं ते मैदान माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. आबा हसत होते. मी रडत होतो, आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

“तू काहून उभा हायेस?” आबा मला म्हणाले. “जा. तुही जागा तुले मालूम हाये.”

मी मागच्या रांगेत गेलो.

लग्नाचा व्हिडिओ सुनंदा आल्यागेल्या प्रत्येकाला दाखवते आणि एका जागी हमखास थांबवते. आबांच्या हाकेवर सगळे बैल डावीकडे वळतात. एकच उजवीकडे जातो. त्याच्या गळ्यात शिट्टी आहे.