कौसाबाईंची ओली पट्टी

मैत्रिणींनो, आज केडगावला गुडघा दाखवायला गेले होते. तिथली तरुण सिस्टर एका आजींवर खेकसली, "पट्टी भिजवू नका म्हटलं होतं ना?" मला माझाच जुना आवाज ऐकू आला.

नव्वदच्या दशकात मी काष्टीजवळच्या एका उपकेंद्रात नर्स होते. कौसाबाईंच्या घोट्याला जखम होती. पट्टी बदलायला यायच्या आणि दर वेळी पट्टी चिंब. तीन आठवडे मी नुसती रागावत राहिले. शेवटी घरी ही बाई करते तरी काय, हे बघायला तिच्या वस्तीवर निघाले.

वाटेत कालव्याची चारी आडवी आली. पाणी सुटलेलं, पूल नाही. पलीकडं कौसाबाई उभ्या.

"यातून येता? मग बोलला का नाहीत?"

"तुमाला ठावं आसंल वाटलं, बाई. दवाखान्याला दुसरी वाट कुठं हाय?"

पट्टी माझ्याकडं येतानाच भिजत होती!

त्या दिवसापासून पट्टी बदलायला साडी खोचून चारी मीच ओलांडू लागले. औषध तेच, जखम मात्र भरली.

तुम्हाला दवाखान्यात कधी कुणी विचारलंय का, घरून इथवर कसे आलात?

मीही विचारलं नव्हतं. कौसाबाईंच्या कार्डावर 'चारीपलीकडची वस्ती' हा पत्ता मात्र मीच लिहिला होता.